कोणाचा रे तू?

मराठी आत्मचरित्रांत एक परिच्छेद हमखास येतो. गावात शाळा चौथीपर्यंतच, पुढची शाळा चार-पाच मैलांवर. पायात चप्पल नाही, वाटेत ओढा, पावसाळ्यात ओढ्याला पूर, दप्तर डोक्यावर. पान उलटलं की लेखक मॅट्रिक झालेला असतो आणि पुढच्या प्रकरणात प्राध्यापक, संपादक किंवा साहेब. अशी बरीच पुस्तकं वाचल्यावर मला त्या परिच्छेदाचा राग यायला लागलाय. चालण्याचा नाही, परिच्छेदाचा. कारण त्यात रस्ता नसतोच. रस्ता म्हणजे पुढे मिळालेल्या यशाला जोडलेला दाखला. वाटेत कुठं बसलो, कोणी हाक मारली, कोणत्या वळणावर छाती धडधडली, हे सांगायला लेखकाला सवड नसते. आणि त्याच रस्त्यानं चालून सातवीत थांबलेल्या पोरांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत.

याला अपवाद आहेत. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त शाळा आणि पोरगा यांच्यात अंतर उभं राहतं ते मैलांचं नाही, बापाचं. त्यामुळे तिथं शाळेकडे टाकलेलं प्रत्येक पाऊल चोरीचं वाटतं आणि वाचताना आपणही मागे वळून बघतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन हा दुसरा. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या चारही पुस्तकांत हा मुलगा आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे, कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावात वाढतो आणि एकटा भटकतो. भटकताना त्याला झाडं दिसतात, आवाज ऐकू येतात, मनात काहीबाही येतं. लिहिणारा मोठा झालाय हे आपण विसरतो. संत भूगर्भशास्त्र शिकवायचे. जमिनीकडे बघायची सवय असलेल्या माणसाला रस्ता दिसावा यात नवल नाही, असं मला उगाच वाटतं.

एकट्या पोराचा रस्ता पडद्यावर बघायचा असेल तर मी अजूनही किआरोस्तामीकडे जाते. ‘मित्राचं घर कुठं आहे?’ अशा अर्थाच्या नावाचा त्याचा १९८७चा इराणी सिनेमा. गोष्ट एवढीशी : अहमद नावाच्या पोरानं वर्गमित्राची वही चुकून घरी आणली आहे. उद्या त्या मित्रानं वहीत गृहपाठ केलेला नसेल तर मास्तर त्याला शाळेतून काढणार. अहमदला वही पोचवायची आहे, मित्र राहतो शेजारच्या गावात आणि घर माहीत नाही. अहमद आईला सांगतो. आई म्हणते, आधी अभ्यास कर. तो परत सांगतो. ती म्हणते, पाव घेऊन ये. आई दुष्ट नाही, तिच्या हाताला काम आहे. पण एक वाक्य पोरगा किती वेळा म्हणतो आणि ते किती वेळा कोणाच्याच कानात शिरत नाही, हे बघताना घशात काहीतरी अडकतं. मग तो पळतो. टेकडीवर नागमोडी पायवाट, माथ्यावर एकटं झाड. ती वाट तो चढतो, उतरतो, पुन्हा चढतो.

मधे आजोबा त्याला अडवून सिगारेट आणायला पाठवतात. त्यांच्या खिशात सिगारेट असते. शेजारी बसलेल्या माणसाला ते वर समजावून सांगतात की पोराला वळण लागावं म्हणून पाठवलं. सिनेमातली खरी भीती मला इथं वाटते. अंधार, कुत्रा, अनोळखी गाव यांची भीती पोरगा निभावून नेतो. मोठ्या माणसांपुढे त्याचं काही चालत नाही.

‘किल्ला’ या बाबतीत त्याच्या जवळ जातो. अविनाश अरुणचा हा सिनेमा २०१४ला बर्लिनमध्ये मुलांच्या ज्यूरीनं निवडला होता, ही मला त्याची सगळ्यात मोठी शिफारस वाटते. वडील गेलेत, आईची बदली झालीय आणि चिन्मय कोकणातल्या लहान गावात येऊन पडलाय. पोरं सायकलींची शर्यत लावून किल्ल्यावर जातात, पाऊस येतो आणि तो आत एकटाच उरतो. बाकीचे निघून गेलेले. कॅमेरा घाई करत नाही. दगडी भिंती, पाणी, हाका मारणारं पोर. त्याला काही होत नाही, इजा नाही, अपघात नाही. तरी तिथून परत आलेला चिन्मय वेगळा असतो, आणि आईला ते सांगता येत नाही. सिनेमाचा शेवटाकडचा भाग मला जरा गोड वाटतो, पण त्या पावसातल्या काही मिनिटांसाठी मी तो माफ करते.

आता आमच्या घरातलं. माझी भाची तिसरीत आहे, परभणीतच. घरापासून शाळा चालत दहा मिनिटांवर. ती ऑटोनं जाते. ऑटोत किती लेकरं बसतात ते मोजायचं मी सोडून दिलंय. पुढच्या सीटवर ऑटोवाल्या काकांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन असतात, दप्तरं बाहेर लटकलेली. मागच्या सुट्टीत तिनं माझ्या मोबाइलवर जपानी मालिका बघितली. तिथं १९९१पासून टीव्हीवर चालू असलेल्या या कार्यक्रमाचे काही भाग २०२२मध्ये नेटफ्लिक्सवर आले. लहानग्यांना पहिल्यांदा एकटं कामाला पाठवायचं, एवढीच कल्पना. पहिल्याच भागात पावणेतीन वर्षांचा पोरगा हातात पिवळा झेंडा घेऊन किलोमीटरभर लांबच्या दुकानात जातो. भाचीनं तो भाग तीनदा बघितला आणि जाहीर केलं, “मी पण एकटी जाणार शाळेला.” ताई म्हणाली, काही नको. आई म्हणाली, “आम्हाला कोण पोचवायला येत होतं गं?” जेवण होईपर्यंत तिघींचं भांडण चाललं होतं.

मालिका गोड आहे आणि मला तिच्याबद्दल तक्रारही आहे. पोराभोवती कॅमेरेवाले वाटसरू बनून फिरत असतात. गंमत अशी रचली आहे की आपण पोराच्या धाडसाला हसतो, रडतो, टाळ्या वाजवतो, आणि ज्या गोष्टीमुळे हे शक्य होतं तिच्याकडे बघत नाही. गाडी थांबते. फुटपाथ आहे. दुकानदार पोराकडे लक्ष ठेवून आहे. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी प्राथमिक शाळेतली मुलं गल्लीगल्लीतून गट करून चालत जातात, पुढे-मागे मोठ्या वर्गातली, मधे पहिलीतली. यात एका पोराचं धाडस किती आणि गावानं केलेली सोय किती? ‘तोत्तोचान’ वाचलेल्यांना आठवेल, पहिलीतली मुलगी तिथं रेल्वेनं शाळेला जाते आणि कोणाला त्यात शौर्य दिसत नाही. तिचा पास गळ्यात अडकवायचा असतो, आणि ती तो आधी कुत्र्याच्या गळ्यात घालून बघते.

आमच्याकडे अशी सोय नव्हती असं नाही. तिचं नाव होतं, “कोणाचा रे तू?” जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणणाऱ्या या जिल्ह्यात कोणत्याही गावात अनोळखी पोर दिसलं की पारावरून हा प्रश्न यायचाच. अजूनही येतो. पोरगं बापाचं नाव सांगतं, मग आजोबाचं, मग मामाचं गाव, आणि कुठंतरी धागा जुळला की ते पोर तेवढ्यापुरतं त्या पाराचं होतं. ते कुठं गेलं, किती वाजता गेलं, कोणासोबत होतं, हे संध्याकाळी घरी कळतं. अमेरिकेत जेन जेकब्जनं १९६१मध्ये शहरांवरच्या पुस्तकात रस्त्यावरच्या डोळ्यांबद्दल लिहिलं. आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांनी ते वाचलेलं नव्हतं एवढंच.

पण हाच प्रश्न ‘फँड्री’तल्या जब्याला विचारा. “कोणाचा रे तू?” याचं उत्तर त्याला संरक्षण देत नाही, त्याला उघडं पाडतं. नागराज मंजुळेनं शाळेच्या अवतीभवतीची जागा ज्या रीतीनं वापरली आहे ती मला मराठी सिनेमात दुसरीकडे दिसलेली नाही. जब्या रस्त्यानं चालतो तो लपत. वर्गातली पोरं, शालू, बाप, डुकरं, यांतलं कोण कुठून समोर येईल याचा हिशोब त्याच्या चालण्यात आहे. शेवटी गावातले डोळे त्याच्यावर असतातच, फक्त ते राखण करणारे नसतात, तमाशा बघणारे असतात. म्हणून “पूर्वी गाव लेकरं सांभाळायचं” असं कोणी गहिवरून लिहिलं की मला विचारावंसं वाटतं, कोणाची लेकरं?

आणि पोरगी असेल तर प्रश्न बदलतो. “कुठं चाललीस? सोबत कोण आहे?” हे विचारणारा राखण करतोय की पाळत ठेवतोय, हे आठ वर्षांच्या मुलीला कळत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला कळतं.

इथं मला पुस्तकं आणि सिनेमे बाजूला ठेवून एक आकडा सांगायचा आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याची सरासरी २२च्या आसपास. यामागे गरिबी आहे, ऊसतोड आहे, हुंडा आहे. आणि गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातल्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. नववीचं काय? नववीची शाळा लांब असते, एसटी फाट्यावर थांबते, आणि फाट्यापर्यंत मुलगी चालत जाते. काळ्या मातीच्या चिखलात, पावसाळ्यात, एकटी किंवा दोघी-तिघी. त्यातली एक गळाली की दुसरीच्या घरी चर्चा सुरू होते.

म्हणून मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा एसटीचा मोफत पास आणि मानव विकासच्या बस या माझ्या मते कोणत्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा मोठ्या गोष्टी आहेत. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि २०२२च्या एप्रिलपर्यंत लांबला. कोरोनानंतर शाळा नुकत्या उघडत होत्या. शहरात या संपाची चर्चा पगार आणि विलीनीकरणाची होती. फाट्यावर उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी तो शाळा बंद पडण्याचा दुसरा टप्पा होता. यावर मराठीत एखादी कथा, कादंबरी आलेली माझ्या वाचनात नाही. बातम्या आल्या.

त्या बातम्यांवरही बोललं पाहिजे, कारण आज आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात पोरांचा शाळेचा रस्ता येतो तो रीलमधून. सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या फुगवट्यातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या. जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाणारी लेकरं २०२३मध्ये दिसली. व्हिडिओवर मागून चढत्या सुरात संगीत, खाली ‘जिद्द’ हा शब्द, पुढे हात जोडलेली इमोजी. हा आत्मचरित्रातलाच परिच्छेद आहे, फक्त यशाचं पुढचं पान अजून लिहिलेलं नाही आणि ते लिहिलं जाईल असं आपण गृहीत धरतो. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२मध्ये खिरखंडीची बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली. बातमी एकच होती. प्रेक्षकांनी तिच्यात जिद्द वाचली, न्यायालयानं गैरसोय वाचली. समीक्षेच्या भाषेत सांगायचं तर न्यायालयाचं वाचन जास्त बारकाईचं होतं.

मुलीच्या रस्त्याचा सिनेमा कसा असू शकतो हे बघायचं तर हैफा अल-मन्सूरचा ‘वाज्दा’ बघा. २०१२चा, सौदीतला. दहा वर्षांची मुलगी रोज चालत शाळेत जाते, शेजारच्या पोराशी वाटेत भांडते आणि हिरव्या सायकलीवर तिचं मन जडतं. मुलींनी सायकल चालवायची नसते. सायकलीच्या पैशांसाठी ती कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते. दिग्दर्शिका तिला वीरांगना करत नाही. वाज्दा लबाड आहे, हिशोबी आहे, खोटं बोलते. त्यामुळे ती रस्त्यावर चालताना खरी वाटते. ‘एलिझाबेथ एकादशी’तही सायकल आहे, पंढरपूरची गर्दी आहे, आईला न सांगता यात्रेत दुकान मांडणारी पोरं आहेत, आणि झेंडू ही बहीण पडद्यावर आली की सिनेमा तिचाच होतो. पण गोष्ट भावाची आहे. परेश मोकाशींनी तिला पाच मिनिटं एकटीला सायकलवर सोडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी दर वेळी करते.

भाचीचं अजून ठरलेलं नाही. ताईची अट अशी आहे की गल्लीतल्या आणखी तीन मुली तयार झाल्या तर चौघींनी मिळून चालत जायचं, सातवीतल्या एकीनं पुढे राहायचं. दोन घरांनी होकार दिलाय. तिसऱ्या घरच्या आजी म्हणतात, ऑटोचे महिन्याचे पैसे आधीच दिलेत, ते वसूल झाल्यावर बघू.