पडदा, बदली आणि गुणवत्ता

गुणवत्ता हा शब्द आपल्या पोरांनी इतक्यांदा तोंडावर झेललाय की तो नुसता कानावर आला तरी हात आपोआप गालाकडे जातो. कॉलेजात, ऑफिसात, कविसंमेलनातसुद्धा. या शब्दाची एक दूरची केस आज तुमच्यापुढे मांडतो. केस न्यूयॉर्कची आहे, सिम्फनी ऑर्केस्ट्राची आहे.

सिम्फनी आपल्या वस्तीत वाजत नाही. पण ऑर्केस्ट्रा म्हणजे काय ते समजून घ्या. शंभरेक माणसं. प्रत्येकाचं वाद्य ठरलेलं, खुर्ची ठरलेली. पुढे छडी घेतलेला एक. कायम नोकरी, बांधलेला पगार. म्हणजे ते एक खातंच झालं. आणि खातं म्हटलं की गिरणीतला माणूस आधी एकच विचारणार : भरती कोण करतं?

न्यूयॉर्क फिलहार्मोनिक १८४२ साली सुरू झाली. पहिला काळा कायम वादक तिने घेतला १९६२ साली. सॅनफर्ड ॲलन, व्हायोलिन वाजवणारा. एकशेवीस वर्षं लागली एका खुर्चीला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेव्हा त्या ऑर्केस्ट्रात कायम जागेवर एकही काळा माणूस नव्हता.

१९६२ चं आणखी एक सांगतो. त्याच वर्षी ही ऑर्केस्ट्रा लिंकन सेंटरच्या नव्या सभागृहात गेली. ते सेंटर उभं करायला सॅन हुआन हिल नावाची वस्ती पाडली होती. काळे आणि प्वेर्तो रिकन लोक तिथे राहायचे. सात हजारांवर कुटुंबं उठवली. वस्ती काळ्यांची, सभागृह गोऱ्यांचं, आणि आत खुर्ची एकाला!

आता केस. १९६९ मध्ये अर्ल मॅडिसन हा चेलोवादक आणि आर्थर डेव्हिस हा बासवादक, दोघे काळे, शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे गेले. आमच्या रंगामुळे आम्हाला घेतलं नाही, अशी तक्रार. १९७० मध्ये निकाल लागला. कायम जागांच्या बाबतीत आयोगाने दोघांचं म्हणणं मान्य केलं नाही. पण एक गोष्ट मान्य केली. बदली आणि जादा वादक बोलावण्याच्या पद्धतीत भेदभाव आहे, ओळखीपाळखीच्या वर्तुळातूनच माणसं बोलावली जातात, असं आयोगाने म्हटलं.

बदली! हा शब्द आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. दारावर उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर आत. बोट दाखवलं नाही तर घरी. त्या बोटाला जात असते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि आमची थुंकी सवर्णांना चालत नव्हती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं की महारांना विणता येत नाही. विणायला बसूच दिलं नाही, मग येतं की नाही हे कळणार कसं? गुणवत्तेची परीक्षा ही नंतरची गोष्ट. आधी साच्यापाशी पोचायचं असतं.

या निकालानंतर अमेरिकेत पडद्याची पद्धत जोर धरू लागली. बोस्टनच्या ऑर्केस्ट्राने ती १९५२ मध्येच वापरली होती. उमेदवार पडद्यामागे बसून वाजवतो. परीक्षकांना बाई दिसत नाही, पुरुष दिसत नाही, कातडी दिसत नाही. फक्त सूर. कल्पना झकास आहे. मला तर वाटतं आपल्याकडच्या मुलाखतींतही आडनाव झाकणारा असा पडदा लावावा.

पडद्याने काय केलं? मोठ्या ऑर्केस्ट्रांत बायका १९७० च्या सुमारास शंभरात सहासुद्धा नव्हत्या. पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये त्या निम्म्या झाल्या. सगळं श्रेय पडद्याला द्यायचं की नाही यावर अभ्यासक भांडतात, पण दार उघडलं हे खरं. आणि काळे? २०१४ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांत काळे वादक शंभरात १.८, लॅटिनो २.५. तक्रार झाली त्या १९६९ साली फिलहार्मोनिकमध्ये काळा वादक एक होता. २०२० मध्येही एकच, क्लॅरिनेटचा प्रमुख अँथनी मॅकगिल. सॅनफर्ड ॲलन १९७७ मध्येच सोडून गेला होता. प्रतीक बनून राहायचा वीट आला, असं त्याने सांगितलं. एकटी खुर्ची माणसाला अशी खाते. आणि वरच्या जागेवर बिगरगोरा माणूस बसला म्हणजे बाकं बदलतात असंही नाही. १९७८ ते १९९१ याच ऑर्केस्ट्राचा संगीत दिग्दर्शक मुंबईत जन्मलेला झुबिन मेहता होता.

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर सगळ्या ऑर्केस्ट्रांनी निवेदनं काढली. त्याच जुलैत न्यूयॉर्क टाइम्सचा संगीत समीक्षक अँथनी टोमासिनी याने लिहिलं की पडदा काढून टाका. त्याचं म्हणणं असं की वरच्या फेरीत पोचलेले सगळेच तयार असतात, त्यांच्यात फरक केसाएवढा. मग निवडताना माणसाची पार्श्वभूमी का बघू नये?

मित्रहो, माझं टोमासिनीशी अर्धं पटतं. गुणवत्ता ही तागडीत ग्रॅमने मोजायची वस्तू नाही हे तो बरोबर सांगतो. शंभर तयार माणसांतून एक निवडताना 'सर्वोत्तम' हा शब्द बऱ्याचदा सवयीचं दुसरं नाव असतं. पण औषध चुकलंय. मॅडिसन आणि डेव्हिस ज्या बोटाविरुद्ध आयोगाकडे गेले, तेच बोट पडदा काढल्यावर परत मोकळं होतं. बोट दाखवणारा आज चांगला असेल. उद्याचा?

१९८९ मध्ये डेट्रॉइटला हे घडून गेलंय. शहर बहुसंख्य काळ्यांचं, ऑर्केस्ट्रा जवळजवळ सगळी गोरी. आमदारांनी अनुदान अडवायची धमकी दिली तेव्हा ऑर्केस्ट्राने घाईघाईने रिचर्ड रॉबिन्सन या काळ्या बासवादकाला चाचणीशिवाय कायम केलं. तो आधी तिथेच बदलीवर वाजवत होता. त्यालाही चाचणी देऊनच यायला आवडलं असतं. म्हणजे वर्षानुवर्षं दार बंद ठेवलं मालकांनी, आणि उघडल्यावर कलंक लागला आत येणाऱ्याला! आमदारांचा राग खरा होता. पण मालकांनी बदनामीचा दगड मोठ्या हुशारीने रॉबिन्सनच्या गळ्यात बांधला. राखीव जागेवर आलेल्या पोराला हे सगळं पाठ असेल.

मग खोट कुठे आहे? पडदा लहान आहे, ही खोट आहे. तो चाचणीच्या त्या काही मिनिटांपुरता टांगलेला. त्याच्या आधी काय? लहानपणापासून शिकवणी, बऱ्या वाद्याची भलीमोठी किंमत, परगावच्या चाचणीला जायचा खर्च उमेदवाराच्याच खिशातून. एका जागेला शंभराच्या वर अर्ज आले तरी चेलो पाठीवर घेऊन पाच शहरं फिरायला आधी पैसा लागतो. त्याच्या नंतर काय? बऱ्याच ठिकाणी शेवटच्या फेरीत पडदा काढतात. मग वर्ष-दोन वर्षांची उमेदवारी असते. तिथे पडदा नाही. कमिटी आणि दिग्दर्शक ठरवतात, हा आपल्यात 'बसतो' की नाही. 'बसतो' या शब्दात सगळी जात मावते. आणि बदलीचे फोन? तेही उघड्या डोळ्यांनीच होतात.

म्हणून मागणी अशी हवी : पडदा शेवटच्या फेरीपर्यंत ठेवा. बदलीची यादी उघड करा. उमेदवारीचे नियम कागदावर लिहा, नाकारलं तर कारण द्या. आणि पडद्यापर्यंतचा रस्ता बांधा. रस्ता बांधणारे आहेत. ॲरन ड्वॉर्किनने १९९७ मध्ये स्फिंक्स ही संस्था काढली, काळ्या आणि लॅटिनो वादकांसाठी. २०१८ पासून तिने इतरांबरोबर चाचणीच्या तयारीला आणि प्रवासाला मदत देणारी योजना चालवली. निवेदनापेक्षा असं एक तिकीट मोठं.

हा रस्ता किती कच्चा आहे तेही बघा. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने असल्या योजनांवर कुऱ्हाड चालवली. त्यात मरीन बँडबरोबर बिगरगोऱ्या विद्यार्थ्यांचा ठरलेला कार्यक्रम रद्द झाला. पोरांची निवड झाली होती, तालीम करून बसली होती. तेव्हा लष्करी बँडांतले निवृत्त वादक पुढे आले आणि त्या पोरांच्या शेजारी बसून वाजवलं. सरकारने खुर्च्या काढल्या, म्हाताऱ्यांनी मांडल्या. ऐकायची गोष्ट ही आहे.

आपण पँथर हे नाव १९७२ मध्ये त्या काळ्या भावांकडून घेतलं. आता त्यांच्या लढ्यातली ही बारीक तांत्रिक गोष्टही घेऊ या. कोणी गुणवत्ता म्हणाला की भांडत बसू नका. शांतपणे विचारा : पडदा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, आणि बदलीची यादी कोणाच्या खिशात आहे?

जयभीम.