प्रोसेसरचं पान

लॅपटॉपचा प्रोसेसर घरच्या घरी बदलायला निघालेल्या माणसाला वाचण्याजोगं एकच पुस्तक आहे, आणि ते त्याच्यासाठी लिहिलेलं नाही. उदाहरणार्थ, थिंकपॅड टी४२० हा २०११ सालचा लॅपटॉप. त्याचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल लेनोव्होनं कुणालाही उतरवून घेता येईल असं ठेवलं, पण आरंभीच बजावलं की हे प्रशिक्षित तंत्रज्ञांसाठी आहे. बनारसमध्ये बसून हे वाचताना हसू येतं. इथल्या शास्त्रग्रंथांची रीतच ही होती: विषय काय, प्रयोजन काय आणि मुख्य म्हणजे अधिकारी कोण, ते आधी सांगायचं. अनधिकाऱ्यानं पान उलटू नये. पण शास्त्रांच्या दाराशी माणूस बसलेला असे, इथे नुसतं वाक्य आहे. ते ओलांडायला पैसे पडत नाहीत.

पुढे या मॅन्युअलात यंत्राच्या भागांची दोन गटांत वाटणी आहे. काही भाग ग्राहकानं स्वतः बदलावेत, बाकीचे तंत्रज्ञानं. बॅटरी आपली, प्रोसेसर त्यांचा. म्हणजे ज्या पानासाठी आपण आलो ते परक्या हद्दीत येतं.

आणि ते पान सापडल्यावर पहिली प्रतिक्रिया होते ती निराशेची, कारण त्यावर जवळजवळ काहीच नाही. आधी कोणकोणते भाग याच क्रमानं काढा, त्यांची यादी. मग एक आकृती, दोन बाण. सॉकेटवरच्या स्क्रूचं डोकं फिरवलं की पकड सुटते आणि प्रोसेसर उचलता येतो. शेवटी एक ताकीद: वस्तू फार नाजूक आहे, हाताळताना रांगडेपणा नको. झालं. सगळा मजकूर त्या यादीत दडलेला असतो. बॅटरीचं पान, कीबोर्डचं पान, हात टेकवायच्या पट्टीचं, पंख्याचं; ही सगळी पानं या एका पानात न लिहिता आलेली असतात. पाणिनीच्या सूत्रांत मागचा शब्द पुढच्या सूत्रात आपोआप चालत येतो, त्याला अनुवृत्ती म्हणतात. ती ओळखता आली नाही तर सूत्र अर्धवट वाटतं. याच काशीत नागेशभट्ट काळे या मराठी पंडितानं ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहिला, तो व्याकरणाचे नियम कसे वाचावेत याच्या नियमांवर. दुरुस्तीच्या पुस्तकाला असा टीकाकार अजून मिळालेला नाही. मिळायला हवा, कारण घाईत वाचणारा प्रोसेसरच्या पानापासून सुरुवात करतो आणि न काढलेल्या स्क्रूवर प्लास्टिक तडकवून बसतो.

मला या पुस्तकातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती स्क्रूंची कोष्टकं. प्रत्येक पायरीला स्क्रूची जाडी-लांबी, संख्या, रंग, आणि शेवटच्या रकान्यात तो किती आवळायचा त्याचा आकडा. २ मिलिमीटर जाडीच्या काळ्या स्क्रूंपुढे बहुतेक ठिकाणी ०.१८१ न्यूटन-मीटर असतं, कंसात १.८५ किलोग्रॅम-सेंटिमीटर. म्हणजे १० सेंटिमीटर लांब दांडीच्या टोकाला १८५ ग्रॅम टांगले तर जेवढा पीळ बसेल तेवढा. आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला मी हा रकाना दाखवला. त्यानं पेचकस बाजूला ठेवून तो नीट पाहिला आणि म्हणाला, “गुरू, ई त कलाई का हिसाब लिख दिए हैं.” मनगटाचा हिशेब! समीक्षक म्हणून याहून नेमकं मला काही सुचलं नसतं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं हाताला जे कळतं ते कुणीतरी मोजून तीन दशांश स्थळांपर्यंत कागदावर उतरवलं आहे.

त्याच मॅन्युअलात असंही आहे की या स्क्रूंवर नायलॉनचा थर असतो, म्हणून ते धक्क्यानं सैल होत नाहीत, आवळायला जड जातात आणि एकदाच वापरायचे असतात. आमच्या दुरुस्तीवाल्याच्या स्टीलच्या वाटीत पन्नास लॅपटॉपांचे स्क्रू सुखानं एकत्र नांदतात. हा उपदेश त्यानं ऐकून घेतला, एवढंच.

उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचंही तसंच. पंखा परत बसवण्याआधी ०.२ ग्रॅम लावा, असं थिंकपॅडच्या त्या काळच्या मॅन्युअलांत लिहिलेलं असतं, आणि कमी किंवा जास्त झाली तर स्पर्श नीट होणार नाही हेही. चिमूटभर, थोडीशी, अंदाजे, असले शब्द या गद्यात नाहीतच.

मात्र ज्यासाठी आपण हे सगळं वाचतो त्याबद्दल पुस्तक गप्प आहे. त्यात बिघडलेला भाग काढून तसाच नवा घालायचा असतो. चांगला घालावा, वेगवान घालावा, ही इच्छाच या पुस्तकाला ठाऊक नाही. ती इच्छा घेऊन येणाऱ्यानं शेवटची सुट्या भागांची यादी वाचावी. एकाच यंत्रासाठी तिथे प्रोसेसर अनेक आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा चालतो हे त्या यादीनं न बोलता मान्य केलेलं असतं. याच्या पलीकडे वाचकाची जबाबदारी. टी४२० मध्ये कोअर आय५-२५२०एम असेल तर तो दोन कोअरचा, ३५ वॅटचा. त्याच ९८८ पिनांच्या सॉकेटमध्ये आय७-२७२०क्यूएम बसतो, चार कोअरचा, पण ४५ वॅटचा. त्यापुढच्या पिढीचे, आयव्ही ब्रिज घराण्यातले प्रोसेसरही त्या भोकांत बसतात, पण कंपनीचं मूळ बायॉस त्यांना ओळखत नाही आणि यंत्र सुरूच होत नाही. सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालला, असं नाही.

वरचे १० वॅट बनारसमध्ये किती महाग पडतात, याचं उत्तर तपशिलाच्या तक्त्यात आहे. यंत्र चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश, हवेतली आर्द्रता ८ ते ८० टक्के. जूनमध्ये इथे लू वाहते तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो आणि श्रावणात भिंतींनाही घाम फुटतो. म्हणजे वर्षातले बरेच महिने ही नगरी मॅन्युअलच्या जगाबाहेरच असते. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो. खोलीच ४२ अंशांची असेल तर पंख्याला हातपाय हलवायला जागा किती उरणार? चार कोअर घालून दोघांचंच काम घेण्याची पाळी येते.

यंत्राचं वर्णन लिहिणं आणि आतला गाभा बदलणं, दोन्ही कामं काशीत एका मराठी माणसानं पूर्वी केली आहेत. पुण्यात १८२१ साली जन्मलेले बापूदेव शास्त्री इथल्या संस्कृत कॉलेजात गणित-ज्योतिष शिकवत. मानमंदिर या इथल्या वेधशाळेत सवाई जयसिंगानं उभारलेल्या दगडी यंत्रांवर त्यांनी वर्णनपर पुस्तिका लिहिली. आणि १८७६च्या सुमारास त्यांनी जे पंचांग काढायला घेतलं त्यात तिथी, वार, नक्षत्र, योग, करण हे रकाने होते तसेच ठेवले, पण ग्रहांची गणितं इंग्रजी नॉटिकल अल्मनाकवरून केली. वापरणाऱ्याच्या हातात तेच पंचांग, आत मोजणारा निराळा. त्यांच्या आधी महाराष्ट्रात केरूनाना छत्र्यांनीही हेच केलं होतं, आणि दोन्हीकडे वाद झाले.

प्रोसेसरच्या पानाचं पुढे काय झालं ते मॅन्युअलं ओळीनं लावली की दिसतं. २०१३ च्या टी४४०पी मध्ये सॉकेट आहे, म्हणून पानही आहे. त्याच वर्षीच्या टी४४० मध्ये प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेला, तेव्हा त्याचं वेगळं पान नाही. तो भेटतो मदरबोर्डच्या यादीत, बोर्डाच्या नावाला चिकटलेल्या विशेषणासारखा: अमुक प्रोसेसरवाला बोर्ड, तमुक प्रोसेसरवाला बोर्ड. बदलायचा तर बोर्डच बदला. टी४४० पातळ आहे, हलका आहे, वीज कमी खातो, आणि बहुतेकांना हेच हवं होतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण वाचायला दिलं तर मी टी४४०पी चं मॅन्युअल घेईन. आणि बनारसमध्ये कुणी त्यातला प्रोसेसर बदलणारच असेल तर ४७ वॅटच्या आय७-४७००एमक्यूच्या मोहात न पडता आय७-४७१२एमक्यू शोधावा. चार कोअर असूनही तो ३७ वॅटचाच आहे, म्हणजे मूळच्या दोन कोअरच्या आय५-४३००एम एवढाच. दिल्लीच्या जुन्या बाजारात हुडकायला वेळ लागतो, पण मे महिन्याच्या आत मिळवावा.