‘हिंद स्वराज्य’मधील ‘वाचक’ : हिंसा-अहिंसा वादाची एक चिकित्सा

प्रास्ताविक : १ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यास गोळ्या झाडून ठार केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत गांधीजी ट्रान्सवालमधील हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन तेथे पोहोचले. २४ ऑक्टोबरच्या विजयादशमीच्या सभेत ते व सावरकर एकाच व्यासपीठावरून बोलले. नोव्हेंबरमध्ये परतीच्या जहाजावर त्यांनी गुजरातीत ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. ‘वाचक’ व ‘संपादक’ यांच्या या २० प्रकरणी संवादात सशस्त्र पक्षाला न्याय मिळाला आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

विवेचन : वाचक इटलीचा दाखला देतो. मॅझिनीचे आत्मचरित्र सावरकरांनी १९०७ मध्ये मराठीत आणले होते. त्यामुळे मराठी अभ्यासकाला हा वाचक परका नाही. संपादक त्याला विचारतो की, ऑस्ट्रियन गेल्यावर इटलीतील सामान्य श्रमिकांच्या पदरी काय पडले? हा ग्रंथातील सर्वांत बळकट युक्तिवाद होय. साधनशुद्धीची चर्चा येथे स्वातंत्र्योत्तर सत्ता कोणाची, या राजकीय प्रश्नापर्यंत पोहोचते.

इंग्रजांनी जे दिले ते भीतीपोटीच, असे वाचक म्हणतो. भीतीने मिळालेले भीती असेपर्यंतच टिकते, हे त्यावरचे उत्तर. मात्र प्रजेने प्रजा म्हणून राहण्याचे नाकारल्यास राज्य चालणार नाही, असेही संपादक सांगतो. म्हणजे दबाव त्यालाही मान्य आहे. फरक एवढाच की क्लेश प्रतिपक्षाला द्यायचे नसून स्वतः सोसायचे. ज्या सत्तेला त्या क्लेशांचे काहीच वाटत नाही तिच्यापुढे काय करावे, हा प्रश्न वाचकाने नेटाने लावून धरायला हवा होता. तो तसे करीत नाही. येथे संवादाचा तोल ढळतो, असे म्हणावे लागते.

समारोप : डिसेंबर १९०९ मध्ये हे लेखन ‘इंडियन ओपिनियन’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात, २१ तारखेला, नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यास ठार केले. मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने या पुस्तकावर बंदी घातली. हिंसेचा निषेध करणारा ग्रंथही सरकारला धोक्याचा वाटला. अहिंसक नकारात दडलेला जो दबाव पुस्तकातील वाचकाच्या नीटसा ध्यानात आला नाही, तो राज्यकर्त्यांनी अचूक हेरला होता. संवादातील वाचकाचे दुबळेपण ही या ग्रंथाची उणीव खरी. परंतु त्याने न विचारलेला प्रश्न विचारणे हे आजच्या अध्यापकाचे व विद्यार्थ्याचे काम आहे.