ताराबाई शिंदे : एक अनुल्लेखित टीकाकार

चेन्नईच्या दक्षिणेस पेरुंगुडी येथे राहणाऱ्या एका मराठी स्नेह्यांकडे मध्यंतरी जाण्याचा योग आला. गृहस्थ केंद्र सरकारच्या सेवेत आहेत. बदलीच्या प्रत्येक मुक्कामी त्यांनी मराठी पुस्तकांची दोन कपाटे बरोबर नेलेली आहेत. त्यांची कन्या विद्यापीठात स्त्री-अभ्यास हा विषय घेऊन एम. ए. करीत आहे. तिच्या टेबलावर ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकाचे रोझालिंड ओ'हॅन्लन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर होते. "बाबा, हे मूळ मराठी आपल्याकडे आहे का?" असे तिने विचारले. बाबांनी दोन्ही कपाटे धुंडाळली. हरिभाऊ होते, केळकर होते, फडके-खांडेकर तर ओळीने होते, ताराबाई नव्हत्या. बी. ए.ला मराठी घेऊनही हे नाव आपल्या कानावर कधी आले नव्हते, अशी त्यांनी प्रांजळपणे कबुलीही दिली.

प्रसंग लहानसा, परंतु त्याचा विचार करू लागलो तेव्हा दोष त्या गृहस्थांचा नसून आपल्या टीकावाङ्मयाचा आहे, असे वाटू लागले. मराठीतील एक अस्सल गद्यकर्ती आज मराठी अधिकाऱ्याच्या घरात येते ती समाजशास्त्राच्या दाराने आणि इंग्रजी पेहरावात. असे का व्हावे?

स्त्री-अभ्यास हे बाहेरून आलेले फॅड आहे, अशी समजूत आपल्यापैकी पुष्कळांची आहे. वस्तुस्थिती तशी नाही. कर्व्यांनी 1916 साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठात, 1974 साली या विषयाचे संशोधन केंद्र नीरा देसाई यांच्या पुढाकाराने निघाले. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयी सरकारी समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषद 1981 मध्ये मुंबईस याच विद्यापीठात भरली आणि पुणे विद्यापीठाचे केंद्र 1987 साली सुरू झाले. हा विषय भारतीय विद्यापीठांत रुजला तो प्रथम मुंबईच्या भूमीत, हे परप्रांतात राहणाऱ्या आपण विसरू नये.

आता पुस्तकाकडे वळू. 1881 मध्ये सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य झाली. या खटल्याच्या निमित्ताने 'पुणे वैभव' पत्राने समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर म्हणून 1882 साली पुण्यास 'स्त्री-पुरुष तुलना' छापले गेले. लेखिका बुलढाण्याची, एका मराठा घराण्यातील. तिचे वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासदही होते. 1885 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात या पुस्तकाची बाजू घेतली. त्यानंतर ते जे विस्मृतीत गेले ते जवळजवळ नव्वद वर्षे. स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा छापले तेव्हा कोठे ते वाचकांच्या हाती आले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक नाही.

पुस्तकाची योजना वरवर पाहता सरळ आहे. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण एकेक घ्यावयाचे आणि ते पुरुषांत किती पटीने आढळतात ते दाखवावयाचे. बायको मेल्यावर पुरुषाने लागलीच दुसरी करावी, आणि नवरा मेल्यावर बाईने मात्र जन्मभर तोंड लपवावे, हा न्याय कोणता, असा तिचा मुख्य सवाल आहे. पण केवळ सवालात या पुस्तकाचे महत्त्व नाही. याच 1882 साली पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध झाले. रमाबाईंचे मातापिता 1874 च्या दुष्काळात याच मद्रास इलाख्यात गेले. त्यांच्या विद्वत्तेमागे त्या भटकंतीतले संस्कृत अध्ययन आहे आणि त्यांचे ते पुस्तक स्त्रियांना उपदेश करते. ताराबाई उपदेश करीत नाहीत. त्या पुरुषांना समोर उभे करून उलटतपासणी घेतात. वाक्य एकदा सुरू झाले की ते प्रश्नावर प्रश्न करीत पुढे धावते. त्यात माजघरातील टोमणा येतो, म्हण येते, शिवी येते, मध्येच पुराणातील देवांची फजिती येते. चिपळूणकरी गद्याचा दबदबा असलेल्या काळात, ज्या वर्षी विष्णुशास्त्री निवर्तले त्याच वर्षी, मराठीत एक संपूर्ण वेगळे गद्य अवतरले होते. ते निबंधाच्या पेठेतून आलेले नव्हते; बायकांच्या बोलण्यातून आलेले होते.

याहून मोठी गोष्ट, जिच्याकडे टीकेचे लक्ष जावयास हवे होते, ती पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. त्या पिढीचे हे लोकप्रिय ग्रंथ. ताराबाई अशी पुस्तके हाती घेतात आणि त्यांतील नायिका, त्यांची संकटे व त्यांचे पातिव्रत्य लेखकांनी कोणाच्या सोयीसाठी रचले आहे ते विचारतात. हे तर सरळसरळ वाङ्मयविवेचन झाले! काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 साली कादंबरी व नाटक यांवर निबंध वाचला, आणि राजवाड्यांनी 1902 मध्ये 'कादंबरी' हा लेख लिहिला. मराठी कादंबरीच्या टीकेचा इतिहास सांगताना या दोघांचा उल्लेख केल्यावाचून आपण पुढे जात नाही. या दोन तारखांच्या मधोमध बुलढाण्याच्या एका बाईने तीच कादंबरी वाचून तिच्याविषयी जे विचारले, ते त्या दोघांनाही सुचले नव्हते. तिला टीकाकार म्हणून आपण नोंदले नाही. तिच्या पुस्तकाला 'सुधारणेचे चोपडे' मानून बाजूस ठेवले.

पुस्तकात दोष नाहीत असे मुळीच नाही. त्यात पुनरुक्ती फार आहे. रागाच्या भरात मुद्दा सुटतो आणि पुष्कळ वेळाने परत सापडतो. इंग्रजी राज्यावरील तिचा विश्वास आज भाबडा वाटतो. तिची दृष्टी प्रामुख्याने उच्च कुळांतील, पडद्यातील स्त्रीवर खिळलेली आहे. तिच्याही आधी, 1855 साली, जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता या मातंग विद्यार्थिनीने 'ज्ञानोदया'त जो निबंध लिहिला, त्यातील निवाऱ्यावाचून बाळंत होणारी बाई ताराबाईंच्या तुलनेत जवळजवळ कोठेच नाही. जात वगळून स्त्रीचा प्रश्न मांडता येतो काय, हा प्रश्न शर्मिला रेगे यांच्यासारख्या अभ्यासिकांनी पुढे उभा केला; त्या कसोटीवर ताराबाईंचे पुस्तकही घासून पाहिले पाहिजे. पण घासून पाहावयाचे ते सोनेच, हेही ध्यानात असू द्यावे.

तमिळ देशात राहणाऱ्या वाचकांस येथे दुसऱ्या एका पुस्तकाची आठवण करून द्यावीशी वाटते. तंजावरच्या प्रतापसिंह राजांच्या, म्हणजे भोसल्यांच्याच, दरबारी मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. तिचे 'राधिका सांत्वनम्' हे तेलुगू काव्य वीरेशलिंगमांसारख्या सुधारकाला अश्लील वाटले. बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने 1910 साली मद्रासेस त्याची शुद्ध आवृत्ती काढली. लवकरच सरकारने ती जप्त केली, आणि बंदी उठली ती 1947 मध्ये. मुद्दुपळनीला गोंगाटाने बुडविले, ताराबाईंना मौनाने. दोघींच्या कथा आज स्त्री-अभ्यासाच्या वर्गात शेजारीशेजारी वाचल्या जातात, याचे बरेचसे श्रेय सूझी थारू व के. ललिता यांनी 1991 मध्ये संपादिलेल्या भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या संग्रहाला आहे. मला यात एक विशेष दिसतो. मुद्दुपळनीला परत आणणारी एक गायिका होती, ताराबाईंना परत आणणारे मराठीचे एक अध्यापक होते. म्हणजे पुस्तके शोधून काढण्याचे काम वाङ्मयाच्या प्रेमिकांनी केले. त्यांना वाचक मात्र या नव्या विषयाने मिळवून दिला.

म्हणून स्त्री-अभ्यासाविषयी माझी तक्रार कृतज्ञतेच्या पोटातली आहे. हा विषय पुस्तकाकडे पुरावा म्हणून पाहतो. विधवांची स्थिती, वसाहतीतील न्यायालये, वृत्तपत्रांची भूमिका हे सारे त्यातून काढून घेतो. आणि ते काढून झाल्यावर जे उरते, ते म्हणजे बाईचा आवाज, त्याचे काय करावे हे त्याला नेहमीच कळते असे नाही. ओ'हॅन्लन यांचे 1994 चे भाषांतर आणि त्याची प्रस्तावना विद्वत्तापूर्ण आहे, यात शंका नाही. परंतु मराठीत 'तुम्ही' म्हणून मान देता देताच माणसाला खाली ओढता येते. इंग्रजीत तो एकच सर्वनामाचा शब्द मालकालाही चालतो आणि चाकरालाही. ताराबाईंचा अर्धा युक्तिवाद या सुरात आहे. तो दाखविणे हे टीकाकाराचे काम आहे, आणि ते मराठीतच होऊ शकते. कर्व्यांच्या विद्यापीठाने आरंभापासून मातृभाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला होता. पुण्यात विद्युत भागवत यांनी या विषयावर मराठीतून लिहिले. ही वाट मळलेली आहे. तिच्यावर वाङ्मयाच्या अभ्यासकांची पावले थोडी आहेत, एवढेच.

पेरुंगुडीच्या शेजारी तरमणी येथे रोजा मुत्तैया ग्रंथालय आहे. दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या एका पुस्तकवेड्या गृहस्थाने जमविलेल्या जुन्या तमिळ ग्रंथांवर व मासिकांवर ते उभे आहे. तेथे गेले म्हणजे वाटते, भाषेचे संचित सांभाळण्यास अधिकाराची जागा लागत नाही. ताराबाईंचे वडील तरी कोण होते? सरकारी कचेरीतील एक कारकून. पण मुलीला घरी बसवून त्यांनी लिहावयास शिकविले आणि तिने लिहिले ते छापू दिले. आपणही बहुतेक कचेरीतीलच माणसे. माझ्या स्नेह्यांनी पुण्याहून मूळ पुस्तक मागविले आहे. आता संध्याकाळी मुलगी इंग्रजी पान वाचते, बाप मराठी पान मोठ्याने वाचतो, आणि कोठे कोठे तो मध्येच थांबतो, असे तिने मला सांगितले.