उंदीर आणि उंदीर

मराठी माणसाला उंदीर एकच. डाळीच्या डब्यामागचा बोटभर असो की गटारातला वीतभर, दोघंही उंदीरच. फारच दांडगा निघाला तर त्याला घूस म्हणायचं, संपलं. इंग्रजीत मात्र उंदरांच्या दोन पंगती आहेत. चिमुकला तो ‘माउस’ आणि थोराड तो ‘रॅट’. लिव्हरपूलच्या ब्रायन जेक्सने एवढ्याशा फरकावर १९८६ सालच्या ‘रेडवॉल’पासून २०११ पर्यंत तब्बल २२ कादंबऱ्या उभ्या केल्या. माउस म्हणजे साधू, रॅट म्हणजे दरोडेखोर!

रेडवॉल हा उंदरांचा मठ. तिथला मथायस हा नवशिका ब्रह्मचारी मोठ्या मापाच्या चपला घालून सारखा धडपडतो. त्या मठावर क्लुनी नावाचा एकाक्ष रॅट चाल करून येतो. शेपटीच्या टोकाला विषारी काटा, सोबत शेकडो गुंड आणि बसायला चक्क घोडागाडी! आता घोडा जर घोड्याएवढा, तर उंदरांचा मठ केवढा, असले प्रश्न विचारायचे नाहीत. पुढच्या पुस्तकांत तो घोडा लेखकाने गुपचूप तबेल्यात बांधला.

जेक्स एके काळी दुधाची गाडी चालवायचा. लिव्हरपूलच्या अंधशाळेत दूध घालता घालता तिथल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवू लागला. ‘रेडवॉल’ लिहिलं ते त्यांच्यासाठी. ज्यांना दिसत नाही त्यांना वासावरून, चवीवरून दाखवायचं, म्हणून ह्या पुस्तकांत पानोपानी जेवणं आहेत. हल्ल्याच्या आधी पंगत, हल्ला परतवल्यावर पंगत. शाकाहार कडक; पण मासे चालतात आणि पाणमांजरांना तर कोळंबीचं झणझणीत सार लागतं. आमच्या सारस्वत मित्रांना हा मठ मानवेल. चतुर्थीच्या दिवशी मात्र ही पुस्तकं वाचू नयेत.

इथवर सगळं झकास. मुलं पाचशे पानांचा ठोकळा दोन दिवसांत फस्त करतात, ती उगाच नाही. घास अडकतो तो पुढे.

‘आउटकास्ट ऑफ रेडवॉल’ (१९९५) मध्ये फेरेट नावाच्या शिकारी प्राण्याचं एक टाकून दिलेलं पोर मठात येतं. ब्रायनी ही उंदरीण त्याला सांभाळते. नाव ठेवतात ‘व्हेल’. इंग्रजीत त्याची अक्षरं फिरवली की ‘ईव्हिल’, म्हणजे दुष्ट, असा शब्द होतो. म्हणजे बारशालाच निकाल! पोर चोऱ्या करतं, विषप्रयोग करतं, मठाबाहेर जातं. आणि शेवटी सख्ख्या बापाने फेकलेला भाला ब्रायनीला लागू नये म्हणून स्वतःच्या अंगावर घेऊन मरतं. पुढे ब्रायनी काय म्हणते? तो मुळातच वाईट होता!

माझी बारा वर्षांची भाची पुस्तक मिटून म्हणाली, “मामा, मग त्याने अजून करायचं तरी काय होतं रे?”

मामाकडे उत्तर नव्हतं. जेक्सकडेही नसावं.

इंग्रज वाचकाला हा नुसता प्राण्यांचा मामला वाटेल. पण आपल्या भाषेत मांजराचीही जात असते आणि माणसाचीही. ‘कितीही शिकवा, शेवटी वळणावर जायचंच’ हे वाक्य आपल्या ओटीवर, कचेरीत, लग्नाच्या बैठकीत इतक्या सहज ऐकू येतं, की मुलांच्या गोष्टीत ते पुन्हा भेटलं की दचकायला होतं.

जेक्सला हे कधीच सुचलं नाही असंही नाही. ‘रेडवॉल’मध्येच एक शाकाहारी मांजर आहे. ‘द बेलमेकर’ (१९९४) मध्ये ब्लॅगट हा दर्यावर्दी रॅट सुधारतो. माझ्या मते तो साऱ्या मालिकेतला सर्वांत जिवंत प्राणी. कारण तो पुढच्या पानावर कसा वागेल हे आधी कळत नाही. मथायस शूर निघणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. ब्लॅगटचं तसं नाही. चांगुलपणा जन्मानेच मिळाला, तर त्यात गोष्ट कसली?

तेव्हा पुस्तकं मुलांना जरूर द्या. पंगती चाखू द्या, लढाया लढू द्या. फक्त व्हेलपाशी आलं की जवळ बसा. आणि कुणी मराठी अनुवादाला बसलाच, तर त्याला एवढंच सुचवीन : माउस आणि रॅट, दोघांनाही नुसतं ‘उंदीर’ म्हण. मग कोण चांगला आणि कोण वाईट, हे वाचणाऱ्या पोराला त्यांच्या वागण्यावरूनच ठरवावं लागेल.