ईश्वराचे प्रेम आणि अकारण दुःख : पंडिता रमाबाईंच्या साक्षकथनातील कोलकाता-पर्व

१. प्रश्नाचे स्वरूप

ईश्वर प्रेममय आहे आणि ईश्वर सर्वसमर्थ आहे, ही ख्रिस्ती श्रद्धेची दोन मूलभूत विधाने होत. दुष्काळात भुकेने मेलेले मूल हे या दोन विधानांसमोर उभे राहणारे तिसरे विधान असते. ही तिन्ही एकत्र कशी नांदतात, हा प्रश्न ईयोबाच्या पुस्तकाइतका जुना आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासात मात्र तो फारसा पुढे आलेला नाही. धर्मांतराच्या वादाने या साहित्याची चर्चा इतकी व्यापली, की धर्मांतर केलेल्या व्यक्तीने ज्या दुःखातून वाट काढली त्या दुःखाचे तिने काय केले, हे पाहण्याचे राहूनच गेले.

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) लेखन या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. मृत्यू त्यांच्या आयुष्यात एकामागून एक आले : आई, वडील आणि बहीण १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळकाळात, भाऊ १८८० मध्ये, पती १८८२ मध्ये, आणि अखेरीस १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा. १८९७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेले दुष्काळाचे अनुभव आणि १९०७ मधील ‘अ टेस्टिमनी’ हे साक्षकथन, ही त्यांची दोन इंग्रजी निवेदने यांतील मनोरमाच्या मृत्यूआधीचा शोकपट मांडतात. या पटाचा मध्यबिंदू कोलकाता आहे. पहिली श्रद्धा तेथे ढासळली आणि दुसरीची ओळखही, जवळजवळ थट्टेच्या रूपात, तेथेच झाली. या पर्वाच्या आधारे रमाबाईंची दुःखमीमांसा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. मौन धरणारे देव

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हे कुटुंब वर्षानुवर्षे हिंडले. दुष्काळ आला तेव्हा त्यांनी शास्त्राने सांगितलेले सारे केले. दाने दिली, अनुष्ठाने केली, मूर्तींसमोर बसून राहिले. द्रव्य संपले, नंतर भांडी आणि वस्त्रे संपली. देव मात्र बोलले नाहीत. वडील गेले, पाठोपाठ आई गेली. मरणासन्न आईसाठी भाकरी मागून आणावी, तर ती तिला खाववेना. आईचे शव उचलण्यास चार माणसे पुरी मिळेनात, म्हणून रमाबाईंनाच तिरडीला खांदा द्यावा लागला. आणि उंची कमी पडल्याने ते ओझे डोक्यावर घ्यावे लागले. हा प्रसंग त्या अलंकाराविना, एखाद्या नोंदीसारखा सांगतात.

या निवेदनाचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. मराठी माणसाच्या तोंडी दुःखासाठी जे शब्द सहज येतात, ते बहुतेक हिशेबाचे आहेत : भोग, प्रारब्ध, पूर्वसंचित, देणे फेडणे. रमाबाई आपल्या उपासमारीची कारणे सांगतात ती या शब्दांच्या बाहेरची. द्रव्य धर्मकृत्यांत खर्च झाले होते. पोट भरण्याजोगे व्यावहारिक शिक्षण कुणालाच मिळालेले नव्हते. हलके काम करण्यास जातीचा अभिमान आड येत होता. कारणे अशी माणसांत शोधली, की दुःखाभोवतीचे गूढतेचे वलय विरते आणि त्याबरोबर दुःखिताच्या माथी मारलेला दोषही गळून पडतो.

या दोषारोपाचे गांभीर्य विधवेच्या संदर्भात सर्वाधिक जाणवते. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या ग्रंथात रमाबाईंनी दाखवले आहे, की पतीचा मृत्यू हे विधवेच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाई. म्हणजे जिच्यावर आघात झाला तीच आरोपी. ग्रंथकर्त्री स्वतः ऐन तेविसाव्या वर्षी विधवा झालेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रतिपादनामागची धग कळते.

३. कोलकाता, १८७८

मराठी भाषेचे कोलकात्याशी जुने नाते आहे. विल्यम कॅरी यांनी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली आणि जवळच्याच श्रीरामपुरातून १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापले. त्यानंतर सात दशकांनी, १८७८ मध्ये, बहुतांशी पायी सारा हिंदुस्थान तुडवून रमाबाई आणि बंधू श्रीनिवास या शहरात आले. वाटेत पंजाबच्या थंडीत झेलमकाठी वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांना रात्र काढावी लागली होती. कोलकात्याच्या विद्वत्सभेने या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

सन्मानाच्या त्याच शहरात श्रद्धेचा आधार सुटला, हा या पर्वातील विरोधाभास होय. पडद्यातील स्त्रियांना शास्त्रोक्त धर्म सांगावा, अशी विनंती पंडितांनी केली. त्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ काढले. इतर विषयांत परस्परांशी न जुळणारे ते ग्रंथ एका बाबतीत एकमुखी असल्याचे त्यांना आढळले : स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाही. केशवचंद्र सेन यांच्या प्रेरणेने वेदोपनिषदांचा अभ्यास झाला. त्यानेही समाधान झाले नाही. दुष्काळाने निर्माण केलेली शंका कोलकात्यात अशी ग्रंथांच्या साक्षीने पक्की झाली. भूक भागवण्यास असमर्थ ठरलेली व्यवस्था आपल्याला मुक्तीच्या दारातही उभे करणार नव्हती, हे आता कळून चुकले.

याच शहरातील एका ख्रिस्ती मेळाव्याचे वर्णन साक्षकथनात आले आहे. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकतात आणि डोळे मिटून प्रार्थना करतात. भावंडांना वाटते, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करत असावेत! तेथे भेट मिळालेले संस्कृत बायबल रमाबाईंनी उघडून पाहिले. त्याची भाषा परकी वाटली, अर्थ लागला नाही. ते वाचण्यात वेळ घालवणे व्यर्थ, असे त्यांचे मत झाले. मराठी धर्मांतरकथनांत असा विनोद विरळा. एका क्षणात प्रकाश पडून सारे दुःख उजळले, असा दावा येथे नाही. एक अनाकलनीय पुस्तक हाती येते आणि तसेच बाजूला पडून राहते, एवढेच घडते.

४. दोन निकाल, एकच पुरावा?

येथून समीक्षेपुढील कठीण प्रश्न सुरू होतो. १८८० मध्ये ढाक्यास श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी विवाह केला. सिलचर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले आणि एका मिशनऱ्याकडून त्या बायबल समजून घेऊ लागल्या. बाप्तिस्म्याची कल्पना मात्र पतीला रुचणारी नव्हती. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारींचा मृत्यू झाला, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. या आघाताने आपण देवाच्या अधिक निकट आलो, असे रमाबाई सांगतात.

दुष्काळात प्रार्थना निष्फळ ठरली तेव्हा देव दगडाचे ठरले. सिलचरला माणूस गेला तेव्हा देव निकट आला. पुरावा एक, मग निकाल दोन कसे? साक्षकथनाला पक्षपाती म्हणणाऱ्या टीकाकाराचा हा आक्षेप सहज बाजूला सारता येणार नाही. १९०७ चे हे लेखन १९०५ मधील मुक्ती सदनातील आध्यात्मिक संजीवनानंतरचे आहे, आणि साक्ष या वाङ्मयप्रकाराची घडणच अशी, की शेवट ठाऊक असलेली व्यक्ती आरंभापासून सारे प्रसंग त्या शेवटाकडे वळवीत जाते. बाप्तिस्म्याला नाखूश असलेला पती जातो आणि वाट मोकळी होते, असा क्रम वाचकाच्या मनात जुळू शकतो. तसे झाले तर बिपिनबिहारींचा मृत्यू हे केवळ साधन ठरते आणि प्रेममय ईश्वराची प्रतिमा क्रूर होऊन बसते.

या धोक्याच्या काठावर रमाबाई येतात. देव आपल्याला शिकवीत होता, असेही त्या म्हणतात. तथापि, पती का गेला, याचे उत्तर त्यांच्या शब्दांत नाही. दुःखामुळे काय साधले आणि दुःखात कोण जवळ होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रमाबाईंचा भर दुसऱ्यावर आहे. भावाच्या अखेरच्या आजारपणाच्या आठवणीतही हाच सूर आढळतो : आपल्या माघारी बहिणीचे कसे होणार ही त्याची चिंता, देवाशिवाय आपल्याला कोणी नाही हे तिचे उत्तर, आणि तसे असेल तर भय नाही हा त्याचा दिलासा. त्यांनी तोवर ख्रिस्ताचा स्वीकार केलेला नव्हता. सान्निध्याची जाणीव आधी आली, तिचे नाव नंतर.

म्हणून दोन निकालांमागील निकष वेगळा आहे, असे म्हणावे लागते. रमाबाईंनी नाकारला तो अनुत्तरित राहिलेल्या प्रार्थनेचा देव नव्हे. त्यांनी नाकारली ती देवघेव. दान दिले की पाऊस, पाप केले की वैधव्य, हा हिशेब त्यांनी मोडला. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. ईयोबाचे मित्रही त्याच्या दुःखामागे त्याचेच पाप शोधतात आणि अखेरीस देवाकडून दोषी ठरतात. तेव्हा हा झगडा हिंदू आणि ख्रिस्ती असा सरळ विभागता येत नाही. हिशेबाचा धर्म बायबलच्या पानांतही वावरतो. उलट, १६३० च्या दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी भांडण मांडले, तेही हिशेबापलीकडचे. रमाबाईंचे कर्मसिद्धांताचे आकलन म्हणूनच एकांगी आहे. वारकरी परंपरेतील या भांडणाची त्यात दखल नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना जे मोकळेपण लाभले, ते पुराणिकाच्या या कन्येच्या वाट्याला आले नाही. तिच्या गद्यात देवाजवळ तक्रार नाही, ही त्या गद्याची मोठी उणीव मानली पाहिजे.

५. उत्तराची जागा

इंग्लंडमध्ये वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तोही सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांच्या आत्महत्येच्या सावलीत. त्यांचे मन वळवणारी गोष्ट म्हणून त्या लंडनच्या फुलहॅममधील सदनाचा उल्लेख करतात. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथे धर्मभगिनी ममतेने शुश्रूषा करीत होत्या. दुःख का, हा प्रश्न येथे ‘दुःखिताकडे कोण जाते’ या प्रश्नात परिवर्तित झाला. तर्काच्या दृष्टीने ही बगल आहे, असे म्हणता येईल. परंतु ज्या श्रद्धेचा ईश्वर वधस्तंभावर स्वतः यातना भोगतो, तिच्या दृष्टीने ती बगल नाही. त्या ईश्वराला गाठण्याची ती एकमेव जागा आहे.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्या उपाशी चेहऱ्यांत त्यांना आपलेच जुने दिवस दिसले. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. येथेही त्यांनी दैवाचा आश्रय घेतला नाही. मदतकेंद्रांवर असहाय मुलींचे काय होते, हे त्यांनी उघडपणे लिहिले. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग व्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांवर वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. माणसाच्या अपराधाला देवाची इच्छा म्हणण्यास नकार देणे, हा ईश्वराच्या प्रेमाचा बचाव करण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग होय.

६. त्याच शहरातील दुसरी साक्ष

रमाबाईंच्या निष्कर्षाची मर्यादा पाहण्यासाठी पुन्हा कोलकात्यास यावे लागते. १९२९ मध्ये तेथे आलेल्या मदर तेरेसा यांनी १९४३ चा दुष्काळ आणि ऑगस्ट १९४६ चा नरसंहार त्याच शहरात राहून अनुभवला. १९५० मध्ये त्यांचा संघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये कालीघाटच्या मंदिरालगत ‘निर्मल हृदय’ उघडले. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, ब्रायन कोलोडिएचुक यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रसंग्रह प्रसिद्ध झाला. सेवाकार्य सुरू झाल्यानंतर जवळजवळ आयुष्यभर ईश्वराचे सान्निध्य आपल्याला जाणवले नाही, ही त्यांची वेदना त्यातून जगापुढे आली.

रमाबाईंची श्रद्धा सान्निध्याच्या अनुभवावर उभी होती. तो अनुभवच नाहीसा झाला तर काय उरते? मदर तेरेसांच्या पत्रांनी याचे उत्तर दिले आहे : काम उरते. स्पष्टीकरण नाही, सान्निध्याचा दिलासाही नाही. तरी मरणाऱ्याच्या उशाशी बसणे थांबत नाही. कोलकात्यात एकीला पुस्तक मिळाले आणि ते समजले नाही. दुसरीला पुस्तक अवगत होते आणि त्यातला आवाज ऐकू येईनासा झाला. दुःखाचा अर्थ लावण्याची घाई दोघींपैकी कोणीही केली नाही.

७. समारोप

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. या अखेरच्या दुःखाचा अर्थ सांगणारे साक्षकथन त्यांच्या हातून झाले नाही. मागे राहिला तो हिब्रू आणि ग्रीक मूळावरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद, जो १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाला. कोलकात्यात न समजलेले पुस्तक मुक्तीतील साध्यासुध्या बायकांना कळावे, यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली.

प्रेममय ईश्वर आणि अकारण दुःख यांचा तार्किक मेळ रमाबाईंनी घातला, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यांनी प्रश्नातील एक अन्याय दूर केला. दुःखिताला आरोपीच्या पिंजऱ्यातून त्यांनी बाहेर काढले. ईश्वराला मात्र त्यांनी कधी त्या पिंजऱ्यात उभे केले नाही. तुकोबांनी तेही केले होते. मराठी ख्रिस्ती साहित्याची दुःखमीमांसा पुढे न्यायची असेल, तर केडगावची सेवा आणि देहूचे भांडण यांना एकत्र वाचावे लागेल.