धावते वर्णन आणि वाटेवरचा श्रोता

क्रीडासामन्यांचे धावते वर्णन हा वाङ्मयाचा प्रकार मानावा की नाही, याचा आमच्या रसिकवर्गात फारसा विचार झालेला दिसत नाही. जे बोलताक्षणीच हवेत विरून जाते त्याचे परीक्षण कसले करावयाचे, असा आक्षेप सहज निघेल. परंतु कीर्तनही असेच हवेत विरते. तरी कोणता हरदास रसाळ व कोणता नीरस, हे आमच्या आज्यांस बिनचूक कळत असे. तेव्हा या कलेचीही एक कसोटी येथे मांडण्यास प्रत्यवाय नसावा.

बी.बी.सी.ने १५ जानेवारी १९२७ रोजी ट्विकनहॅम येथील इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचे वर्णन ध्वनिक्षेपित केले. त्या काळी मैदानाचा नकाशा चौकोन पाडून, त्यांस क्रमांक देऊन ‘रेडिओ टाइम्स’ या पत्रात छापीत. आणि चेंडू कोणत्या चौकोनात आहे हे दुसरा एक आवाज सांगे. श्रोत्याने घरी स्वस्थ बसून, नकाशा मांडीवर घेऊन ऐकावे, अशी ती योजना होती. पुढे मोटारीत रेडिओ आला, १९५४ साली अमेरिकेत खिशात मावणारा ट्रान्झिस्टर विक्रीस आला, आणि श्रोता उठून चालू लागला. नकाशा घरीच राहिला. मैदान उभे करण्याचे सारे काम एकट्या शब्दावर येऊन पडले.

हे ज्याने ओळखले तो खरा वर्णनकार, असे आमचे मत आहे. बेसबॉलचे प्रख्यात अमेरिकन वर्णनकार रेड बार्बर आपल्यापुढे तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवीत. वाळू उतरली की धावसंख्या सांगावयाची व घड्याळ उलटे करावयाचे. युक्ती क्षुल्लक वाटेल. पण तीत श्रोत्याविषयी केवढी सभ्यता आहे! आरंभापासून ऐकणाऱ्यास तिची गरज नाही. जो नुकताच मोटारीत बसला, जो दुकानापुढे क्षणभर थबकला, त्याच्यासाठी ती आहे.

दुसरे उदाहरण व्हिन स्कली यांचे. ९ सप्टेंबर १९६५ रोजी लॉस एंजेलिस येथे सँडी कोफॅक्सने प्रतिपक्षाच्या एकाही फलंदाजास पहिल्या तळापर्यंत पोहोचू दिले नाही. अखेरच्या डावात स्कली मधून मधून घड्याळातील वेळ सांगत राहिले, आणि विजयाच्या क्षणी थोडे बोलून गप्प झाले. पुढचे काम त्यांनी प्रेक्षकांच्या गर्जनेवर सोपविले. कोठे थांबावे हे कळणे, हेही वाणीचेच सामर्थ्य होय.

आमच्याकडेही ही परंपरा अपरिचित नाही. क्रिकेटचे मैदान मराठी शब्दांनी उभे करता येते, हे बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून दाखवून दिले. २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलवर भारताने इंग्लंडमधील आपला पहिला कसोटी विजय मिळविला; त्या सामन्यात चंद्रशेखरांनी ३८ धावांत ६ गडी बाद करून इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपविला होता. मुंबईस दूरदर्शन आले ते १९७२ साली. म्हणजे तो विजय महाराष्ट्राने कानांनीच पाहिला.

आता खिशातील मोबाइलवर प्रत्यक्ष चित्र दिसत असता केवळ आवाजाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. चित्र डोळे मागते, आवाज मागत नाही. मोटार हाकणाऱ्याचे, लोकलच्या गर्दीत कडी धरून उभ्या असलेल्याचे, पोळ्या लाटणाऱ्या गृहिणीचे डोळे मोकळे नसतात. कान मात्र मोकळे असतात. खेळाच्या आनंदात या माणसांचाही वाटा आहे.

तो वाटा आज हिरावला जात आहे, ही आमची तक्रार. प्रवासात आम्ही ऐकलेल्या एका वर्णनात ‘पाहा, काय हा फटका!’ असा उद्गार निघाला. परंतु चेंडू कोणत्या दिशेने गेला, धावा किती मिळाल्या, गडी किती उरले, यांतील एकही गोष्ट उतरण्याचे ठिकाण येईपर्यंत कळली नाही. समोर चित्र आहे असे गृहीत धरून बोलणारा मनुष्य श्रोत्यास आंधळा करतो. अलंकार, विनोद, जुन्या खेळाडूंच्या आठवणी यांस आमची हरकत नाही. ती सारी नंतरची लेणी होत. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाने ‘काय झाले?’ म्हणून विचारावे आणि आपण त्यास नीट सांगावे, एवढे सौजन्य ज्या वर्णनात नाही, ते कितीही आवेशपूर्ण असले तरी आम्ही त्यास उत्तम म्हणणार नाही.